शेवटच्या नळापर्यंत

२१ मार्च २०२४

दुर्गा,

तुला आणि देवमनभाऊंना जयभीम.

फोन तू उचलत नाहीस. रश्मीला केला तर ती म्हणते, "मावशी, आई कामात आहे," अन मागून मला तुझं खोकलणं ऐकू येतं. म्हणून लिहायला बसले. सातवीनंतर एवढं लांब मी काही लिहिलेलं नाही. जिल्हा परिषदेच्या सभेत बोलायचं असलं की मुद्दे तूच काढून द्यायचीस. आता मुद्दे पण माझे मलाच काढावे लागतात.

तुम्ही दोघं लेकीकडे नांदगाव खंडेश्वरला गेलात हे मला तुमच्या वस्तीतल्या जमुनानं सांगितलं. भाऊंचं डायलिसिस अमरावतीला असतं, रश्मीचं घर तिथून जवळ, हे सगळं मला पटतं. पण तेवढ्यासाठी माणूस मैत्रिणीला न सांगता कुलूप लावून जात नाही. हापशीवरच्या त्या दिवसामुळे तू गेलीस. मला माहीत आहे.

माझं चुकलं. सगळ्या बायांसमोर तुला म्हणायला नको होतं, "तुले माह्या पोराचं चांगलं पाहवत नाही." पण तूही काय बोललीस ते आठव. "तुह्या पोराच्या जारचं पाणी गोड काहून लागते, इचार त्याले." अगं, त्यात विचारायचं काय? मोहसीननं फाट्यावर प्लांट टाकला, खोल बोअर घेतलं, खारं पाणी गोड करायचं मशीन बसवलं. आपल्या सगळ्या पट्ट्यात जमिनीखाली खारंच पाणी आहे. ते गोड करून विकायचं डोकं एखाद्यानं लढवलं तर त्यात चोरी कशाची? मोहसीनचे अब्बा, नासिर, असते तर त्यांनी पोराची पाठ थोपटली असती.

मला राग कशाचा आला, सांगू? नळ योजना कुणी आणली? मीच ना? टाकी मंजूर करून घ्यायला मी किती वेळा अकोल्याला गेले हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही, तू सोबत होतीस. मला निवडून पण तूच आणलंस. अंगणवाडीतून निवृत्त झालीस अन पायात चपला घालून सगळं सर्कल, माझा अख्खा मतदारसंघ, फिरलीस. वस्तीत म्हणालीस, "रजियाले मत म्हणजे मले मत." लोकांनी ते ऐकलं. अन त्याच तोंडानं तू माझ्या पोराला चोर म्हटलंस.

तुमच्या वस्तीतल्या नळांना पाणी पोचत नाही, हे मी मान्य करते. आपलं गाव लाइनीच्या टोकाला, अन तुमची वस्ती गावाच्या टोकाला. दाब कमी पडतो. मी इंजिनिअर साहेबांना विचारणार आहे. भाऊंना आपल्या घरी यायचं आहे, पण डॉक्टरांनी खारं पाणी बंद केलं म्हणून येता येत नाही, असं जमुना म्हणत होती. नळाला पाणी आलं की येऊ, असं तू तिला सांगितलंस म्हणे. येईल गं पाणी. मी आहे ना.

रोजे सुरू आहेत. संध्याकाळी मोहसीनच्याच जारच्या पाण्यानं रोजा सोडते. तू म्हणालीस ते आठवतं अन घोट अडकतो. बघ, काय करून ठेवलंस.

तुझी
रजिया

१६ एप्रिल २०२४

दुर्गा,

ईद झाली. दरवर्षी शीरखुर्म्याचा पहिला डबा तुझ्याकडे जातो. या वर्षी तुझ्या दाराला कुलूप. तो डबा घेऊन मी फाट्यावर मोहसीनच्या प्लांटवर गेले, तिथल्या कामगारांना दिला. लाइट गेलेली होती. थोडा वेळ बसले अन परत आले. डोकं दुखत होतं.

शाळेची पडकी भिंत बांधून झाली. दवाखान्याच्या उपकेंद्रात नवीन सिस्टर आली आहे, पोरींशी नीट बोलते. नवीन मंजुरी आता काही मिळत नाही, निवडणुकीची आचारसंहिता लागली आहे. मीटिंगा बंद आहेत. त्यामुळे पाण्याचा विषय कुठं मांडायचा ते कळत नाही.

हीनाला दिवस गेले आहेत. सून पहिलटकरीण, म्हणून घरात सगळे तिच्याभोवती असतात. मोहसीन तर तिला खाली वाकू देत नाही. मी आजी होणार, दुर्गा. हे तुला आधी सांगायला पाहिजे होतं, पण तू इथं नाहीस.

भाऊंची तब्येत कशी आहे? रश्मीला एक ओळ लिहायला सांग.

एक विचारू? त्या दिवशी हापशीवर तू जे बोललीस, ते तुला कुणी सांगितलं होतं, की तू स्वतः पाहिलं होतंस?

रजिया

९ मे २०२४

दुर्गा,

मागच्या पत्रात डोकं दुखत होतं असं लिहिलं. डोकं दुखत नव्हतं.

झालं असं. मी प्लांटवर पोचले तेव्हा लाइट नव्हती. कामगार बाहेर झाडाखाली झोपले होते. बोअरची मोटर बंद, मशीन बंद. मी आत जाऊन बसले तर पाणी पडल्याचा आवाज येत होता. मोठी टाकी भरत होती. लाइट नाही, मोटर नाही, अन टाकीत सारखी धार पडते आहे. मी उठून पाइप कुठून येतो ते बघितलं. भिंतीतून बाहेर, बाभळीच्या झुडपांमधून, तो थेट रस्त्याकडेच्या आपल्या योजनेच्या लाइनीला जाऊन मिळाला होता. वरून माती टाकली होती. गावात यायच्या आधीच ते पाणी वळवलेलं.

मी हात लावून बघितला पाइप. गार होता. जिल्हा परिषदेचं पाणी. मी भांडून आणलेलं.

घरी येऊन बरेच दिवस काही बोलले नाही. मग एका दुपारी मोहसीन जेवायला बसला तेव्हा विचारलं. आमची घरची बोली तुला कळते.

"बत्ती नहीं रहती, तब भी तेरी टाकी भरती. कहाँ का पानी है वो?"

त्यानं घास चावून संपवला. म्हणाला, "सब को मालूम है, अम्मी. मैं समझा तुमको भी मालूम है."

"और बोअर?"

"बोअर का पानी मशीन खराब कर देता. ये सस्ता पडता."

"और जोडणी किसने दी?"

"श्रावण ने. मैं बोला, अम्मी ने बोला है."

पाणी सोडणारा श्रावण तुझ्याच वस्तीतला. मी त्याला गाठलं. तो बिचारा खालीच बघत होता. म्हणाला, "बाई, मोहसीनभाऊनं तुमचंच नाव घेतलं. मंग मी कोनाले इचारू? तुमाले इचारू का, तुमीच सांगतलं का म्हनून?"

म्हणजे इतके दिवस सगळी वस्ती समजून होती की मीच पोराला पाणी दिलं. जमुना समोरून जाताना "सलाम, रजियाबी" म्हणायची, तेव्हा तिच्या मनात हे असायचं. तू हापशीवर बोललीस ते सुद्धा मला सावध करायला, अन मी तुला जळकी ठरवलं. मला रस्त्यानं चालवत नाही. पदर डोळ्यांवर ओढून घेते, लोक समजतात ऊन लागतं.

मी मोहसीनला म्हटलं, जोडणी तोड. तो म्हणाला, "हीना की डिलिव्हरी हो जाने दो." कामगारांचे संसार आहेत, म्हणाला. आत्ताच बोंब झाली तर केस होईल, अन बाप तुरुंगात असताना पोर जन्माला यावं असं तुम्हाला वाटतं का, असंही म्हणाला. मी उठून भांडी घासायला घेतली.

आचारसंहिता संपली की सभा होईल. तेव्हा बघते. हे लिहिताना मलाच कळतं की आचारसंहितेचं नाव मी पुढं करते आहे. इंजिनिअरला एक फोन करायला आचारसंहिता लागत नाही.

रजिया

१९ जुलै २०२४

दुर्गा,

हे पत्र लिहू की नको असं दोनदा झालं. पण दुसऱ्या कुणाला सांगणार?

काल जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा होती. पाण्याचाच विषय पहिला निघाला. शेजारच्या सर्कलचे देवीदासभाऊ उभे राहून ओरडत होते, आमच्या गावांना योजनेचं पाणी मिळत नाही म्हणून. अध्यक्ष म्हणाले, जिथं तक्रार असेल तिथं पथक पाठवू, पूर्ण लाइन चालत जाऊन तपासू, बेकायदा जोडण्या आढळल्या तर गुन्हे दाखल करू. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"रजियाताई, तुमचं गाव तर टोकाला आहे. तुमच्याकडं काय परिस्थिती?"

मी उभी राहिले. माइक हातात घेतला. तूच शिकवलं होतंस, आधी श्वास घे, मग बोल. मी श्वास घेतला अन म्हणाले, "आमच्याकडं पाणी व्यवस्थित आहे, साहेब."

बसले. इतिवृत्तात तसंच लिहिलं गेलं असेल. पथक देवीदासभाऊंच्या गावांना जाणार.

एवढ्यावर संपलं असतं तरी पुरे होतं. बाहेर आले तर आवारात लिंबाच्या झाडाखाली तुमच्या वस्तीतल्या बाया बसलेल्या. पाण्याचे रिकामे हंडे-गुंड घेऊन आल्या होत्या, मला न सांगता. आपल्या बाईच्या बोलण्याला बाहेरून जोर यावा म्हणून. जमुना मला बघून पळत आली.

"बोलल्या का तुमी? आमचं नाव घेतलं का?"

"घेतलं," मी म्हटलं.

"पाहा," ती बाकीच्यांकडं वळून म्हणाली, "म्या म्हटलं नव्हतं? रजियाबी बोलल्याबिगर राहत नाई."

दुर्गा, मे महिन्यात मी लिहिलं होतं ना, की वस्ती मला चोर समजते. नव्हती समजत. म्हणजे काहीजण समजत असतील, पण या बाया समजत नव्हत्या. किंवा समजून पण आल्या होत्या. मला काय ते सांगता येत नाही.

त्यांनी मला मधे बसवलं. फडकं सोडलं. भाकरी अन ठेचा. पहिली भाकरी माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली, दुर्गा. ती घशाखाली उतरली सुद्धा. मला वाटत होतं अडकेल, पण नाही अडकली. जमुना पाणी पाजायला लागली तेव्हा बघितलं, बाटलीत हापशीचं खारं पाणी होतं. सकाळी घरून भरून आणलेलं.

येताना सगळ्या एकाच गाडीत होतो. मूर्तिजापूरपर्यंत त्या गात होत्या. मला पण म्हण म्हणाल्या.

हे पत्र तू अकोल्याला नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवलंस तरी मी तुला काही म्हणणार नाही. कदाचित त्यासाठीच लिहिते आहे. माझ्या हातून होत नाही, ते तुझ्या हातून व्हावं म्हणून. बघ, हे पण तुझ्यावरच टाकते.

रजिया

३० ऑगस्ट २०२४
नांदगाव खंडेश्वर

रजियामावशी,

सप्रेम जयभीम.

बाबा गेले. मागच्या आठवड्यात, इथंच, घरी. त्रास फार झाला नाही. गावाकडं कळवू नका असं आईनं सांगितलं होतं, म्हणून कुणालाच कळवलं नव्हतं. आता हळूहळू कळवते आहे.

तुमची सगळी पत्रं मिळाली. बाबांना मीच वाचून दाखवायची. आई ऐकायला बसायची नाही, उठून आत जायची, पण दाराशी थांबायची. जुलैचं पत्र वाचलं त्या दिवशी ती बाहेर आली अन म्हणाली, हे पत्र घेऊन मी उद्याच अकोल्याला जाते. पिशवी पण भरली होती तिनं. बाबांनी जाऊ दिलं नाही. त्यांचे शब्द तसेच लिहिते, कारण ते तुमच्याबद्दल होते.

"थांब वं. ते सोताहून बोलन. तिले येळ लागते, तुले मालूम आहे ना."

त्यानंतर ते अधूनमधून विचारायचे, रजियाचं पत्र आलं का. तुमचं पत्र आलं नाही. शेवटी शेवटी त्यांनी घरी जायचं नाव काढणंही सोडलं.

आई म्हणते, तिला लिही, आता पत्र पाठवू नको. मी तसं लिहीत नाही. पण पाठवा असंही मी म्हणू शकत नाही. मला तुमच्याशी कसं बोलावं ते सध्या कळत नाही. लहानपणी मी तुमच्या शिलाई मशीनखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची, तेच डोळ्यांसमोर येतं अन मग लिहिणं थांबतं.

तुमची
रश्मी

५ ऑक्टोबर २०२४

दुर्गा,

रश्मीचं पत्र आलं त्या दिवसापासून मी तुला लिहिलं नाही. काय लिहिणार होते? भाऊ गेले, वाईट वाटलं, असं? ज्या माणसानं माझ्यासाठी तुला थांबवलं, त्याला मी थांबायला लावून मारलं. डॉक्टर म्हणतील त्यांचा आजार जुना होता, किडन्या आधीच गेलेल्या होत्या. होता जुना. पण घरी येऊन आपल्या ओट्यावर बसायचं एवढंच त्यांना पाहिजे होतं, अन त्याच्या आड पाइपाचा एक तुकडा होता. तो मला माहीत होता.

पुढची सभा यायची वाट मी बघितली. खरं म्हणजे त्याच दिवशी जाऊन सांगता आलं असतं. पण खोटं मी सभेत बोलले होते, म्हणून खरं पण सभेतच बोलायचं, असं ठरवलं. की हे पण माझं लांबवणंच होतं? आता तूच ठरव.

परवा सभा झाली. माझ्या गावाचा विषयच नव्हता. अंगणवाडीच्या इमारतींवर बोलणं चाललं होतं. मी उठून उभी राहिले. अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुमचा नंबर नंतर." मी बसले नाही. माइक नव्हता, मोठ्यानं बोलले.

"माझ्या गावच्या लाइनीवर बेकायदा जोडणी आहे. फाट्यावर, पाण्याच्या जारच्या प्लांटला. तो प्लांट माझ्या पोराचा आहे. त्याच्यामुळे वस्तीला पाणी मिळत नाही. मला एप्रिलपासून माहीत होतं. मागच्या सभेत मी पाणी व्यवस्थित आहे म्हणाले, ते खोटं बोलले. माझं खोटं बोलणं पण लिहून घ्या."

श्वास घ्यायचं विसरले. खाली बसताना खुर्ची सापडेना.

मागून कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी पाणीपुरवठ्याच्या साहेबांकडं बघितलं, साहेबांनी लिहून घेतलं. नंतर व्हरांड्यात देवीदासभाऊंनी मला बाजूला घेतलं. "ताई, पोराले कायले मधात आनलं? हळूच सांगतलं असतं तं आमी मिटवलं असतं."

मी म्हटलं, "मिटलं असतं, म्हणूनच मोठ्यानं सांगितलं."

हे बोलताना मला क्षणभर बरं वाटलं. मग बरं वाटल्याचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पथक आलं. जोडणी तोडली, पंचनामा झाला, मोहसीनवर गुन्हा दाखल झाला. रात्र व्हायच्या आत त्याला जामीन मिळाला. घरी आला तो कपडे भरायलाच. हीनाचा नववा महिना सुरू आहे. ती रडत होती, पण त्याच्यामागून निघाली. वलगावला, तिच्या माहेरी. दारात तो थांबला अन म्हणाला, "अम्मी, मुझे घर में बोल देतीं. सौ लोगों के सामने काहे को?"

घरात मी सांगितलं होतं. पण तेव्हा मी विनवत होते. त्याला वाटलं असेल, अम्मी विनवते म्हणजे अम्मी काही करणार नाही. बरोबरच ओळखलं होतं त्यानं, इतके महिने.

आता तुला जे सांगायचं आहे ते. आज वस्तीत पाणी आलं. पण आलं तेव्हा कुणाला कळलंच नाही. नळांच्या तोट्या केव्हाच्या उघड्या पडलेल्या, पोरांनी खेळायला फिरवून ठेवलेल्या. पाणी येईल असं कुणाच्या मनातच नव्हतं. आधी नळ फुरफुरले, गंजाचं लाल पाणी आलं, मग साफ. गल्लीतून ओहोळ वाहायला लागला तेव्हा जमुना ओरडत बाहेर आली. बाया गुंड, घमेली, पातेली जे हाती लागलं ते घेऊन धावल्या. मी दूर कोपऱ्यावर उभी होते. मग दिसलं की तुझ्या घराकडूनही पाणी येत आहे.

फाटक ढकलून आत गेले. तुझ्या अंगणातला नळ पूर्ण उघडा होता. तू जाताना तसाच ठेवला असशील, चुकून आलंच तर शेजारच्यांना ऐकू जावं म्हणून. ओट्यावरून पाणी वाहून, तू लावलेली ती तुळशीसारखी सब्जाची रोपटी सगळी भिजली होती. ओट्यावर भाऊंची बसायची जागा, डोकं टेकून भिंत तेलकट झालेली. तिथपर्यंत पाणी पोचलं होतं.

मी तोटी बंद केली. त्याआधी ओंजळीत घेऊन प्यायले. गोड आहे, दुर्गा.

उत्तर देऊ नकोस.

रजिया

२४ जानेवारी २०२५

दुर्गा,

हे पत्र मी कुठं पाठवू तेच कळत नाही. नांदगावला पाठवायचं काही कारण उरलं नाही.

आमची मुदत संपली. आता जिल्हा परिषदेवर प्रशासक आहेत, पुढची निवडणूक कधी ते कुणी सांगत नाही. मी परत शिलाई मशीनवर बसते. ब्लाउज येतात, बाया बसून बोलतात. मी खाली बघून शिवते.

गेल्या आठवड्यात वस्तीतल्या बाया शाल अन नारळ घेऊन आल्या होत्या. सत्कार करायचा म्हणे, विहारासमोर मांडव टाकून. जमुना म्हणाली, "पोराले बी सोडलं नाही, अशी बाई पाहाले भेटत नाही." मी म्हटलं, माझी तब्येत बरी नाही. तरी त्यांनी शाल माझ्याजवळ ठेवलीच. ती शाल मी अजून घडी मोडून बघितलेली नाही. त्यांना मी जुलैचं पण सांगितलं, त्या झाडाखालचं, भाकरीचं. जमुना ऐकताना नखानं जमीन उकरत बसली. मग म्हणाली, "मालूम होतं मले. चपराशानं सांगतलं होतं बाहेर येऊन." अन उठून गेली. मालूम असून तिनं मला भाकरी दिली होती. कशासाठी दिली, ते मी तिला विचारू शकले नाही.

वलगावला मुलगी झाली. तिला मी बघितलेलं नाही. फोटो हीनानं लपून पाठवला. नाक नासिरसारखं आहे.

आता आज सकाळचं.

मी मशीनवर होते. दाराची कडी वाजली. मला वाटलं कुणी ब्लाउज घेऊन आलं. मग आवाज आला, "रजिया, हाय का वं घरात?"

मशीनवरचा पाय तिथंच थांबला.

"मशीनचा आवाज आला मले. उघड."

मी उठले. दारापर्यंत आले. मधे फक्त लाकूड होतं. तुझा श्वास ऐकू येत होता, खोकला अजून आहे तुला. कडीवर हात ठेवला अन हात वर उचलेना. पांढऱ्या लुगड्यात असशील का, केस किती पिकले असतील, तू आधी काय बोलशील, काहीच बोलली नाहीस तर मी काय करू, सगळं एकदम डोक्यात. वर्षभर मी तुला लिहीत आले, ये, दार उघड, बोल माझ्याशी. अन तू आलीस तर दार मीच उघडलं नाही.

तू ओट्यावर बसलीस. मी आत दाराला पाठ लावून बसले. थोड्या वेळानं तू म्हणालीस, आवाज न चढवता, "रश्मीच्या बाबाची राख आनली होती, शेतात टाकून आली. रश्मी राह्य म्हणते तिकडेच, पण म्या म्हटलं नाई, माहं घर आहे. इथंच राहून राहिली आता मी."

मग उठलीस. जाताना म्हणालीस, "नळ बंद करून ठेवला होता कोनीतरी. बरं केलं."

तुझी पावलं गल्लीच्या वळणापर्यंत ऐकली. मग रडले. तू गेल्यावर रडायला मला बरं जमतं.

दुर्गा, तू माफ केलंस की नाही ते तुझ्या आवाजावरून मला कळलं नाही. तू तसं काही म्हणाली नाहीस अन मी तसं काही ऐकू इच्छितही नाही. पण तू इतक्या दुरून घर उघडायला आलीस, अन आधी माझ्या दारात आलीस. त्या बाईसाठी मी कडी काढू शकले नाही, याची लाज बाकी सगळ्या लाजांपेक्षा मोठी आहे. तिला काही कारणही नाही. ना पोर मधे, ना केस, ना सभा.

जमुना सांगते, वस्तीत आता संध्याकाळी पाणी सोडतात. त्या वेळी तू अंगणात असशील. हे पत्र मी कुणाजवळ देत नाही, पाकिटात घालत नाही. हातात घेऊन निघते. तोंडानं काही बोलता आलं नाही तर हे पुढं करीन. तू वाच किंवा चुलीत घाल.

मला सांगायचं आता काही राहिलं नाही. फक्त तोंड दाखवायचं आहे.

रजिया